काम सोपवताना सिस्टरच्या मनात काय चालतं?



हे बोलणं ऐकणारं कोणी इंदूरला असेल, कोणी बडोद्याला, बेळगावला, दिल्लीला. मी स्वतः निवृत्तीनंतर सिकंदराबादला स्थायिक झाले आहे. चौतीस वर्षं फौजेत काढली, दर दोन-तीन वर्षांनी गाव बदललं, त्यामुळे माझ्या मराठीत मध्येच हिंदी डोकावेल. तेवढं सांभाळून घ्या.

निवृत्त फौजी अधिकारी म्हटलं की लोकांना सीमेवरच्या गोष्टींची अपेक्षा असते. माझी नोकरी वॉर्डात झाली. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होते. या सेवेची मुळं 1888 पर्यंत जातात, पण आजही अनेकांना ठाऊक नसतं की फौजेतली नर्स कमिशन घेतलेली अधिकारी असते. पुण्याला एएफएमसीच्या नर्सिंग कॉलेजातून बी.एस्सी. केलं, खांद्यावर लेफ्टनंटचे दोन स्टार लागले, आणि लेफ्टनंट कर्नल म्हणून मी घरी आले.

आजचा विषय वरवर अगदी साधा आहे. सिस्टर आपल्या हाताखालच्या माणसाला काम सांगते, तेव्हा तिला काय वाटतं? हाताखालचा माणूस म्हणजे फौजेत नर्सिंग असिस्टंट. बाहेर वॉर्डबॉय, आया. महाराष्ट्रात आपण त्यांना मावशी आणि मामा म्हणतो, इकडे आयम्मा म्हणतात. या नात्याबद्दल फार कमी बोललं जातं. डॉक्टर आणि नर्स यांच्यावर लोक बोलतात, नर्स आणि पेशंट यांच्यावर बोलतात. पण रात्री तीन वाजता तुमच्या वडिलांना कुशीवर वळवायला सिस्टर आणि मावशी दोघी मिळून येतात. त्या दोघींमध्ये काय चाललंय, यावर तुमच्या वडिलांची पाठ शाबूत राहणार की नाही हे ठरतं.

मी एक प्रसंग सांगते. तो मी बरीच वर्षं कोणाला सांगितला नव्हता, कारण त्यात माझी बाजू चांगली दिसत नाही.

1990 चा हिवाळा. मी कॅप्टन होते. एका मोठ्या मिलिटरी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डची नाइट ड्यूटी, चौतीस पेशंट, आणि शेजारचा वॉर्डही माझ्याकडेच. हाताखाली एक नर्सिंग असिस्टंट, नायक रँकचा, गढवालकडचा. अकरा नंबरच्या बेडवर एक तरुण जवान होता. गाडीच्या अपघातात मांडीचं हाड मोडलेलं, पाय थॉमस स्प्लिंटमध्ये. अपघाताला दुसरा दिवस झालेला. पोरगा तसा ठीक होता.

रात्री एकच्या सुमाराला शेजारच्या वॉर्डात एका ऑपरेशनच्या पेशंटचं ड्रेसिंग रक्ताने भिजलं. मी तिकडे धावले. जाता जाता नायकाला म्हटलं, "सबका टी.पी.आर. ले लो. और ग्यारह नंबर पे नज़र रखना." टी.पी.आर. म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. एवढंच सांगितलं आणि गेले.

परतले तेव्हा चार वाजत आले होते. चार्ट भरून तयार होता. मी सही केली. त्या चार्टवर श्वासाच्या रकान्यात ओळीने 18, 20, 18, 18, 20 असं होतं. चौतीस माणसं, आणि सगळ्यांचा श्वास एकसारखा. ज्यांनी वॉर्डात काम केलंय त्यांना आता हसू आलं असेल. श्वास मोजायला घड्याळ हातात धरून पेशंटच्या छातीकडे मिनिटभर बघत उभं राहावं लागतं. चौतीस पेशंट म्हणजे चौतीस मिनिटं. म्हणून जगभरातल्या वॉर्डांत हा रकाना बऱ्याचदा अंदाजाने भरला जातो. मला ते माहीत होतं. तरीही मी सही केली.

साडेपाचला इंजेक्शन द्यायला अकरा नंबरपाशी गेले. तो मला "भाभी" म्हणाला. मी टॉर्च टाकला. नाकपुड्या फुललेल्या, छाती भराभर वरखाली होतेय. मोजलं तर श्वास 38. छातीवर आणि काखेजवळ लाल बारीक ठिपके. मोठं हाड मोडल्यावर एक ते तीन दिवसांत कधी कधी चरबीचे कण रक्तातून फुप्फुसात आणि मेंदूत जातात. फॅट एम्बॉलिझम म्हणतात त्याला. श्वास वाढतो, माणूस असंबद्ध बोलतो, अंगावर असे ठिपके येतात. पुस्तकात वाचलेलं सगळं समोर झोपलेलं होतं. आज बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घराघरात आहे. तेव्हा आमच्या वॉर्डात नव्हतं. श्वास मोजणं हाच आमचा ऑक्सिमीटर होता, आणि तो कोणी मोजला नव्हता.

ऑक्सिजन, ड्यूटी डॉक्टर, आयसीयू, व्हेंटिलेटर. पोरगा वाचला. चालत घरी गेला. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल.

चौकशी झाली. मला विचारलं, "आपने उसे काम दिया था?" मी म्हटलं, "जी सर. टी.पी.आर. लेने को कहा था, ग्यारह नंबर पर नज़र रखने को भी कहा था." शब्दन् शब्द खरा. नायकाला विचारलं. तो म्हणाला, "साब, दो बजे वो कुछ अजीब बोल रहा था. मुझे लगा नींद में है." मग विचारलं, मॅडमना का सांगितलं नाहीस? तो गप्प उभा राहिला.

तो गप्प का आहे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. चार-पाच रात्रींपूर्वी तो मला शेजारच्या वॉर्डातून बोलवायला आला होता. एका पेशंटचं सलाइन थांबलंय म्हणून. जाऊन बघते तर नळी पेशंटच्या हाताखाली दबली होती. सरळ केली, सलाइन सुरू. मी सगळ्या पेशंटांसमोर त्याला म्हटलं होतं, "इतनी सी बात के लिए बुलाया?" बस, एवढंच. त्याने ते लक्षात ठेवलं. पुढच्या वेळी त्याने बोलावलं नाही.

चौकशीत मी हे बोलले नाही. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मी आपणहून सांगितलं नाही. त्याला शिक्षा झाली, कागदावर लाल शाईची नोंद पडली. फौजेत त्या नोंदीचा अर्थ काय होतो, ते फौजेत असलेल्यांना सांगायला नको. बढती अडते. मला तोंडी समज मिळाली. पुढे त्याची बदली झाली, आमची पुन्हा गाठ पडली नाही.

फौजेत पहिल्या दिवसापासून शिकवतात: अधिकार खाली देता येतो, जबाबदारी देता येत नाही. मी हे वाक्य कित्येकदा परीक्षेत लिहिलंय. त्या चौकशीत मात्र मी नेमकं उलट केलं. त्या रात्री अधिकार माझ्याकडेच ठेवला होता, जबाबदारी त्याच्या गळ्यात टाकली.

दोनेक वर्षांनी माझी बदली उंचावरच्या भागातल्या हॉस्पिटलात झाली. तिथे वरच्या चौक्यांवरून पेशंट यायचे. अशा चौकीवर डॉक्टर असेलच असं नाही. अनेकदा एक नर्सिंग असिस्टंट, एक पेटी आणि ऑक्सिजनचे सिलिंडर. एकदा असाच एक जवान खाली आणला. उंचीमुळे फुप्फुसात पाणी झालेलं. सोबत आलेल्या असिस्टंटने माझ्या हातात एक चुरगळलेला कागद ठेवला. त्यावर पेन्सिलने दर अर्ध्या तासाचा श्वास लिहिला होता. 28. 32. 34. 34. 36. पुढे लिहिलं होतं, "नीचे लाने का फैसला."

तो कागद बघून मला अकरा नंबरचा चार्ट आठवला. दोघेही लखनौच्या एकाच केंद्रात शिकलेले, एकाच पगाराचे, एकाच युनिफॉर्मचे. मग एकाने श्वास मोजला आणि दुसऱ्याने रकाना भरला, असं का? चौकीवरच्याला माहीत होतं की त्या आकड्यावर माणूस खाली न्यायचा की नाही हे ठरणार आहे. माझ्या नायकाला मी फक्त "टी.पी.आर. ले लो" म्हटलं होतं. तो आकडा कशासाठी, किती झाला तर मला हाक मारायची, यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याच्यासाठी ती सकाळी भरलेली दिसायला हवी अशी एक चौकट होती.

आता बाहेरच्या हॉस्पिटलांकडे येते. निवृत्तीनंतर मी नव्या सिस्टरांना शिकवते. केरळच्या मुली असतात, मणिपूरच्या, तेलंगणाच्या, आपल्या विदर्भातल्याही. बावीस-तेवीस वर्षांच्या. पहिल्या तासाला मी विचारते, आयम्मांना काम सांगताना तुम्हाला काय वाटतं? आधी सगळ्या हसतात. मग हळूहळू बोलतात.

पहिलं उत्तर नेहमी तेच असतं. "मॅडम, सांगत बसण्यापेक्षा मीच केलं तर लवकर होतं." हे खरं आहे. आज लवकर होतं. पण ती मुलगी उद्याही, परवाही तेच करते, आणि सहा महिन्यांनी दमून नोकरी सोडते.

दुसरं उत्तर भीतीचं. "चुकलं तर नाव माझं येणार." हेही खरं. रजिस्ट्रेशन तिचं आहे, सही तिची आहे.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त भिडतं. "त्या माझ्या आईच्या वयाच्या आहेत. त्यांना ऑर्डर कशी देऊ?" आपल्याकडे माणसाला नाव नसतं, नातं असतं. ज्या बाईला तुम्ही मावशी म्हणता, तिला "बेडपॅन घ्या" सांगताना जीभ अडखळतेच. शिवाय वॉर्डातल्या मावशी वीस-वीस वर्षं तिथे असतात. कोणता डॉक्टर कधी चिडतो, कोणती खाट करकरते, सगळं त्यांना ठाऊक. नवी सिस्टर त्यांना सांगायला जाते तेव्हा त्या नुसत्या बघतात. त्या नजरेला घाबरून मुली परत जातात आणि स्वतःच चादर बदलतात.

चौथं उत्तर अपराधीपणाचं. "मी त्यांना काम सांगून टेबलाशी लिहीत बसले की नातेवाईक म्हणतात, बघा, सिस्टर नुसती बसून आहे." यात आपण नातेवाईक मंडळी दोषी आहोत. सिस्टर लिहीत असते तेव्हा ती काम करत असते. औषधांची नोंद, लघवीचं माप, रात्रीत काय बदललं. ते लिहिलं नाही तर सकाळचा डॉक्टर अंधारात चाचपडणार.

आणि एक उत्तर कोणी मोठ्याने देत नाही. काही सिस्टरांना काम सोपवायला मुळीच अवघड जात नाही. घाण काम दिसलं की त्या ते खाली ढकलतात. उलटी, शी, थुंकी, वास येणारी जखम. इथे मी स्पष्ट बोलते. आपल्या देशात घाण काम कोणाचं, हे फार जुन्या हिशेबाने ठरत आलंय, आणि तो हिशेब जातीचा आहे. वॉर्डात आपण तो नकळत चालू ठेवतो. कामाची वाटणी कौशल्याने व्हायला हवी, किळस येण्या-न येण्यावर नव्हे. पेशंटच्या शौचाचा रंग काळा आहे की लाल आहे, हे बघणं नर्सिंगच आहे. काळा रंग म्हणजे पोटात कुठेतरी रक्तस्राव असू शकतो. बेडपॅन मावशींनी उचलावा, हरकत नाही. पण "रंग वेगळा दिसला तर फेकू नका, मला दाखवा" हे त्यांना सांगितलेलं हवं.

अंघोळीचंही तेच. पेशंटला अंथरुणात पुसून काढणं हे बघायला हमालीचं काम वाटतं. जाणती सिस्टर त्या दहा मिनिटांत सगळं बघून घेते: पाठीवर, माकडहाडापाशी लाली आली का, पायावर सूज आहे का, कालच्यापेक्षा आज हात उचलायला त्रास होतोय का. म्हणून मी मुलींना सांगते, अंघोळ मावशींना द्या, पण नव्या पेशंटची पहिली अंघोळ त्यांच्याबरोबर उभं राहून करा. पाठ तुम्ही बघा, त्यांनाही दाखवा. दुसऱ्या दिवशी त्याच तुम्हाला बोलवायला येतील.

हे माझ्या एकटीचं निरीक्षण नाही. अमेरिकेतल्या बिअॅट्रिस कॅलिश या संशोधिकेने 2006 मध्ये नर्स आणि सहायकांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. वॉर्डात कोणती सेवा राहून जाते आणि का, असा विषय. राहून जाणारी कामं कोणती? पेशंटला चालवणं, कूस बदलणं, भरवणं, तोंड स्वच्छ करणं. आणि कारणांमध्ये माणसं कमी, वेळ कमी, यांच्याबरोबर दोन कारणं अशी होती की वाचताना मी दचकले. एक, "हे माझं काम नाही" ही वृत्ती. दुसरं, काम नीट सोपवलं न जाणं. सिस्टरला वाटतं सहायकाने केलं असेल, सहायकाला वाटतं सिस्टर बघेल. आणि म्हातारा पेशंट सकाळपासून एकाच कुशीवर.

मग करायचं काय? नर्सिंगमध्ये काम सोपवण्याआधी पाच गोष्टी तपासायला शिकवतात. हे काम सोपवण्याजोगं आहे का? पेशंटची आत्ताची अवस्था पाहता सोपवावं का? समोरच्याला ते येतं का? मी नीट सांगितलं का? आणि मी नंतर बघणार आहे का? अकरा नंबरच्या रात्री मी यातली एकही गोष्ट तपासली नव्हती. दुसऱ्या दिवसाचा मांडीच्या हाडाचा पेशंट, म्हणजे धोक्याचा काळ. तो मी जाण्याआधी स्वतः बघायला हवा होता. "नज़र रखना" ही सूचनाच नव्हे. नजर कशावर ठेवायची?

आज मी मुलींना सूचना अशी द्यायला शिकवते: "मावशी, आठ नंबरच्या आजींचा श्वास दर तासाला घड्याळ लावून मोजा. पंचवीसच्या वर गेला, किंवा आजी काही वेगळं बोलल्या, तर मी कुठेही असले तरी लगेच बोलवा." बोलायला अर्धं मिनिट लागतं. यात काय करायचं, कधी करायचं आणि कधी हाक मारायची, हे तिन्ही आलं. आणि आधी एकदा त्यांच्याबरोबर उभं राहून मोजून घ्यायचं. औषध देणं, पेशंटच्या तब्येतीचा निष्कर्ष काढणं, पुढे काय करायचं ते ठरवणं, ही कामं मात्र सोपवायची नाहीत, कितीही घाई असो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या छोट्या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. त्यांचा मुद्दा असा, की तुम्ही समोर असताना जे होतं ते तुमच्या पाठीमागेही होईल अशी व्यवस्था लावता आली नाही, तर तुमची सगळी मेहनत वाया जाते. आपण दिवा हातात घेतलेल्या बाईचं चित्र लक्षात ठेवलं, तिचा हा व्यवहारी सल्ला विसरलो.

एक सावधगिरीचा शब्द हॉस्पिटल चालवणाऱ्यांसाठी. माझ्या बोलण्याचा अर्थ असा लावू नका की सहायक नीट वापरले की सिस्टर कमी चालतील. काही ठिकाणी पैसे वाचवायला सहायकांनाच सिस्टरसारखा गणवेश घालून इंजेक्शनं द्यायला लावतात. हा पेशंटचा विश्वासघात आहे आणि त्या सहायक मुलींवरही अन्याय आहे. काही झालं तर अडकणार त्याच. चाळीस पेशंटांमागे एक सिस्टर असेल, तर ती सोपवलेल्या कामावर देखरेख करणार केव्हा? देखरेखीला वेळ लागतो, आणि तो वेळ ड्यूटी लावताना धरलेला असायला हवा.

ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण नर्सिंगमधले नसाल. पण हा विषय तुमच्या घरातही आलेला आहे. मुलगा बेंगळुरूला, मुलगी अहमदाबादला, आणि पुण्यात आईजवळ ब्यूरोतून आलेली बाई. तुम्हीही काम सोपवलंच आहे. तिला नुसतं "आईकडे नीट लक्ष द्या" म्हणू नका. आईला चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त झोपली, जेवण टाकलं, लघवी कमी झाली, तर कोणाला आणि कुठल्या नंबरवर फोन करायचा, ते फ्रिजवर लिहून लावा. आणि तिने रात्री साडेअकराला फोन केला, काही विशेष नाही असं निघालं, तर "एवढ्यासाठी फोन केलात?" हे वाक्य गिळून टाका. त्या एका वाक्याची किंमत मी पाहिली आहे.

माझा स्वतःचा नियम 1990 नंतर बदलला. कोणी बोलवायला आलं की पेशंट बघायच्या आधी मी म्हणायचे, "अच्छा किया बुलाया." दहापैकी नऊ वेळा नळीच दबलेली असायची. तरीही म्हणायचे. पहिले काही महिने जड गेलं, मग सवय झाली. नंतरच्या वर्षांत माझ्या वॉर्डातले असिस्टंट मला फार वेळा बोलवायचे. बाकीच्या ऑफिसर हसायच्या, तुझ्या माणसांना काही येत नाही का म्हणून. मी हसू द्यायचे.

तो नायक आता साठीचा असेल, गढवालमधल्या एखाद्या गावात. त्याला शोधायचा मी एकदा प्रयत्न केला, जमलं नाही. त्याची लाल शाई मी पुसू शकत नाही. पण दर नव्या बॅचला त्याची गोष्ट सांगते, माझ्या चुकीसकट. आज तुम्हालाही सांगितली.

 जय हिंद.